गुलाबाच्या सरबताची बखर

राज्ये मिळवणाऱ्यांची, ती राखणाऱ्यांची आणि ती घालवणाऱ्यांचीही चरित्रे लिहिली जातात. किल्ल्यांचे, देवळांचे, रस्त्यांचे आणि बाजारपेठांचे इतिहास लिहिले जातात. परंतु उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती जो गार पेला ठेवला जातो, त्या पेल्याचा इतिहास लिहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक त्या पेल्यात पुष्कळ इतिहास विरघळलेला असतो. कोणते फूल कोठून आले, साखर कोणी शोधली, सुगंध पाण्यात धरून ठेवण्याची विद्या कोणत्या वाटेने या देशात पसरली आणि ती दरबारातून स्वयंपाकघरात, की स्वयंपाकघरातून दरबारात गेली, हे सारे प्रश्न त्यात आहेत. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशाच एका पेल्याची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

गंगा-यमुनेच्या या दुआबात वाढलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना चैत्रातल्या हळदीकुंकवाचे निराळे वर्णन करून सांगावयास नको. गौर झोपाळ्यात बसलेली असते, आंब्याची डाळ असते, पन्हे असते आणि त्याच तबकात फिक्या गुलाबी रंगाचे पेलेही असतात. पन्हे आपल्या आज्या-पणज्यांनी देशावरून आणि कोकणातून बरोबर आणले. गुलाबाचे सरबत त्यांना इथल्या मातीने आणि इथल्या शेजारणींनी दिले. एक आपले आणि एक इथले, असा भेद आपण बोलण्याच्या ओघात करतो. परंतु थोडे मागे जाऊन पाहिले म्हणजे ही दोन्ही पेये एकाच कुळातील आहेत असे दिसून येते.

पानकाची परंपरा

आपला ‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ या शब्दापासून आला आहे. फळाचा गर किंवा रस, त्यात साखर अथवा गूळ, वर थोडे मिरे, वेलदोडा किंवा कापूर आणि थंड पाणी, असे पानकाचे स्थूल स्वरूप. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात कच्च्या आंब्याच्या प्रपानकाची कृती दिली असून ते भीमसेनाने निर्माण केले, असे तेथे म्हटले आहे. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या भीमाकडे पन्ह्याचे जनकत्व जावे, हे योग्यच झाले. त्याच ग्रंथात ‘शतपत्री’ आणि ‘तरुणी’ या नावांनी गुलाबाच्या फुलाचे गुणधर्मही दिलेले आहेत. म्हणजे फळाचे पेय आणि गुलाबाचे फूल ही दोन्ही तोवर एकाच पोथीत येऊन बसली होती.

फुलांनी पाणी सुगंधित करण्याची चाल याहूनही फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. मराठी भाषेचे काही फार जुने नमुने ज्या ग्रंथात सापडतात तो हाच ग्रंथ, म्हणून मराठी माणसाला त्याविषयी विशेष जिव्हाळा असतो. राजाने कसे जेवावे, काय प्यावे, कसे खेळावे याचे विस्तृत वर्णन त्यात आहे. पिण्याच्या पाण्याला त्यात स्वतंत्र प्रकरण दिले असून पाटला, चाफा यांसारख्या फुलांनी पाणी सुवासिक करण्याचा उल्लेख तेथे येतो. आजही आपल्याकडे उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी आणि मूठभर मोगरा टाकतात. ही रीत राजवाड्यातून घरात आली की घरातून राजवाड्यात गेली, हे कोण सांगणार? राजाने ग्रंथ लिहिला म्हणून त्याची नोंद राहिली, माठ भरणाऱ्या बाईने तो लिहिला नाही, एवढाच फरक.

मात्र माठातल्या मोगऱ्याचा वास एक दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी ती फुले काढून नवी टाकावी लागतात. चार-पाच आठवडे फुलणाऱ्या फुलाचा गंध बारा महिने घरात ठेवावयाचा, तर त्यासाठी दोन गोष्टींची गरज होती. एक म्हणजे शुद्ध साखर आणि दुसरी म्हणजे अर्क काढण्याची विद्या.

साखरेचे देणे

यांपैकी पहिली गोष्ट भारताने जगाला दिली. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला या देशात सिद्ध झाली आणि ‘शर्करा’ हा शब्द तिच्याबरोबर प्रवासाला निघाला. इराणात तो ‘शकर’ झाला, अरबस्तानात ‘सुक्कर’ झाला आणि तेथून युरोपातील बहुतेक भाषांत शिरला. ‘खंड’ हा दुसरा शब्दही असाच गेला. इराणी लोकांनी त्याचे ‘कंद’ केले. पुढे त्यांच्या ‘गुल’ या शब्दाशी, म्हणजे फुलाशी, त्याची जोडी जमली आणि ‘गुलकंद’ होऊन तो आपल्या घरी परत आला. माहेरची लेक सासरचे नाव लावून यावी तसा हा शब्द आहे. आपण त्याला परका समजतो, पण त्याचा अर्धा भाग आपल्याच घरचा आहे.

‘गुलाब’ या शब्दाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. फारसीत ‘गुलाब’ हे फुलाचे नाव नसून फुलाच्या अर्काचे, त्या सुगंधी जलाचे नाव आहे. हिंदुस्थानात मात्र पेयाचे नाव फुलाला चिकटले आणि मग अर्कासाठी ‘गुलाबपाणी’ असा नवा शब्द करावा लागला. त्यात पाणी दोनदा आले आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. जुन्या दरबारी रिवाजातील ‘अत्तर-गुलाब’ या जोडशब्दात मात्र मूळचा अर्थ शाबूत आहे. सभा आटोपताना मानकऱ्यांना अत्तर-गुलाब आणि पानसुपारी दिली जाई, तेव्हा हाती फूल दिले जात नसे, गुलाबदाणीतून अर्क शिंपडला जात असे. आपल्या लग्नसमारंभात दाराशी उभी राहून गुलाबदाणी हलवणारी मुलगी हा त्याच रिवाजाचा अवशेष होय.

हाच ‘गुलाब’ शब्द अरबी वैद्यांनी उचलला तेव्हा त्याचा उच्चार ‘जुलाब’ झाला. साखरेच्या पाकात कालवलेल्या गोड औषधाला ते जुलाब म्हणू लागले. अशा गोड पाकातून रेचकेही दिली जात. त्यामुळे या शब्दाला पुढे जो अर्थ चिकटला, तो मराठी वाचकाला समजावून देण्याची आवश्यकता नाही. एकाच शब्दाच्या एका लेकराने अत्तरदाणीशेजारी मानाची जागा मिळवावी आणि दुसऱ्याने वैद्याच्या पुडीत जाऊन बसावे, असा हा दैवाचा खेळ आहे.

‘सरबत’ हा शब्दही अरबीच. ‘पिणे’ या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. त्याच धातूपासून ‘शराब’ हा शब्द आला आणि युरोपीय भाषांत पाकाला जे ‘सिरप’ म्हणतात तेही याच कुळातले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सरबत म्हणजे प्रथमतः औषधाचे अनुपान होते. कडू काढा घशाखाली उतरावा आणि फार दिवस टिकावा म्हणून हकीम तो साखरेच्या दाट पाकात घालत. जिभेला त्याची गोडी लागली, आजार गेला आणि सरबत राहिले.

देग आणि भपका

दुसरी गोष्ट म्हणजे अर्क काढण्याची विद्या. ती इराण आणि अरबस्तानात फार प्रगत झाली होती. नवव्या शतकातील बगदादचे तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्या नावावर सुगंधी द्रव्ये व त्यांचे अर्क यांविषयीचा एक संपूर्ण ग्रंथ आहे. इराणच्या फार्स प्रांतातील गुलाबजल त्यानंतरच्या काळात दूरदूरच्या देशांत जात असे आणि हिंदुस्थान हे त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक होते.

या देशात गुलाबजल स्वयंपाकात कसे मुरले, याचा एक सुंदर पुरावा माळव्यात आहे. मांडूचा सुलतान गियासुद्दीन याने १४६९ ते १५०० पर्यंत राज्य केले. लढायांपेक्षा जेवणाची आवड अधिक असलेल्या या राजाच्या पदरी ‘निमतनामा’ हा पाकग्रंथ तयार होऊ लागला आणि त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सरबते, पानाचे विडे, गुलाबजल घातलेले गोड पदार्थ यांच्या कृती तीत पानोपानी आहेत. कृती सुलतानाच्या नावावर असल्या तरी चित्रांत चुलीपाशी, पातेल्यांपाशी आणि परातींपाशी ज्या आकृती काढल्या आहेत, त्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत. लेखणीने ज्यांची नावे दिली नाहीत, त्यांना कुंचल्याने निदान जागा दिली.

अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त सुगंधी द्रव्यांच्या खात्याचे स्वतंत्र वर्णन केले आहे आणि त्यांचे भावही नोंदवले आहेत. पिण्याचे पाणी सोऱ्याच्या साह्याने गार करण्याची रीतही तेथे दिली आहे. उन्हाळ्यात सरबताला गारवा आणण्याची सोय होती, ती अशी.

ही अर्क काढण्याची विद्या आजही जुन्या पद्धतीने पाहावयाची असेल तर कनौजला जावे. तेथील कारखान्यांत तांब्याचा मोठा हंडा असतो, त्याला ‘देग’ म्हणतात. त्यात पाकळ्या आणि पाणी घालून झाकण मातीने घट्ट लिंपतात. देगेतून बांबूची नळी निघते, तो ‘चोंगा’. चोंग्याचे दुसरे टोक लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते, तो ‘भपका’. भपका गार पाण्याच्या टाकीत ठेवलेला असतो. खाली लाकडांचा जाळ मंद ठेवावयाचा, वाफ नळीतून जाऊ द्यावयाची आणि भपक्यात ती निववावयाची, एवढेच यंत्र. तापमापक नाही, घड्याळ नाही. देगेवर हात ठेवून आणि आतला आवाज ऐकून कारागीर आच कमीजास्त करतो. सुगंध आणि स्वाद यांच्या अभ्यासासाठी सरकारने १९९१ साली कनौजला एक केंद्रही स्थापन केले आहे, पण देगेपाशी बसणाऱ्या माणसाच्या हाताची जागा त्याने घेतलेली नाही.

ज्या फुलावर हा व्यवसाय चालतो ते दुकानात मिळणारे लांब दांड्याचे फूल नव्हे. ते चैती गुलाब, शास्त्रीय नाव रोझा डॅमॅसीना. रंगाने फिके, पाकळ्यांनी पातळ आणि दिसण्यात साधेच. ते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नावाप्रमाणे चैत्राच्या आगेमागे फुलते आणि ऊन तापू लागले की संपते. फुले सूर्योदयाच्या सुमारास खुडावी लागतात, कारण ऊन चढले की वास उडून जातो. एक किलो शुद्ध गुलाबतेल मिळवावयाचे तर सुमारे तीन ते चार हजार किलो फुले लागतात. परंतु निसर्गाने येथे गृहिणीवर एक कृपा केली आहे. गुलाबाच्या गंधातील एक महत्त्वाचा घटक पाण्यात चांगला विरघळतो. त्यामुळे तेल ज्याला परवडत नाही, त्याच्या वाट्याला येणारे पाणीही सुगंधाने भरलेले असते. घरगुती सरबताचा सारा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

जनानखान्यातील एक शोध

गुलाबाच्या अत्तराचा शोध कोणी लावला, याविषयी बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले आहे. जहांगीरची कारकीर्द १६०५ ते १६२७. नूरजहानची आई अस्मत बेगम घरी गुलाबजल करीत होती. गरम गुलाबजल ताटांत ओतले असता त्यावर स्निग्ध तवंग येतो, हे तिने पाहिले. तो तवंग ती थोडा थोडा गोळा करीत गेली आणि त्याचा एक थेंब तळहाताला लावला तरी सगळी सभा दरवळते, असे आढळले. बादशहाने तिला मोत्यांचा हार बक्षीस दिला आणि सलीमा सुलतान बेगमेने त्या अत्तराला ‘इत्र-इ-जहांगिरी’ असे नाव दिले.

या हकीकतीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. गुलाबजल करण्याचे काम राजघराण्यातील एक प्रौढ स्त्री स्वतः पाहत होती. तवंग यापूर्वीही येत असणार, हजारो घरांत आला असणार. तो साय समजून टाकून न देता जपून काढावा, हे घरकामात मुरलेल्या डोळ्यालाच सुचले. शोध तिचा, नाव मात्र जावयाचे लागले. तरीही जहांगीरने ही गोष्ट लपवली नाही आणि लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला कळते. ज्या शेकडो स्त्रियांच्या जवळ असा लिहून ठेवणारा कोणी नव्हता, त्यांचे काय झाले असेल, याची कल्पनाच करावयाची.

मराठी माणूस आणि गुलाब

मराठी माणसाचा या सुगंधाशी संबंध उत्तरेत आल्यानंतरचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, म्हणजे १५८० ते १६२७ या अवधीत, सुगंधी द्रव्यांवर फारसीत स्वतंत्र ग्रंथ रचला गेला होता. त्याही आधी संस्कृतात गंधशास्त्राची स्वतंत्र परंपरा होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१ ते १९६१) यांनी ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ हे दुर्मिळ ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले. सुगंध कसा करावा हे मराठीत समजावून सांगण्याची गरज कोणा टीकाकाराला वाटली होती, यातच मराठी वाचकाची आवड दिसून येते.

सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त हे नाव तर आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. समर्थ रामदासांशी स्नेह असलेला हा पंडित तंजावरला गेला आणि तेथे व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा त्याला आश्रय लाभला. त्याचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ संस्कृतात असला तरी पदार्थांची मराठी नावे त्यात जागोजाग आलेली आहेत. घरापासून शेकडो कोस दूर, तमिळ मुलखात बसून हा माणूस जिलबीची कृती आणि पदार्थांचे गुणदोष लिहून ठेवत होता. त्याचा आधार एक राणी होती, हेही येथे नमूद करावयास हवे.

अठराव्या शतकात मराठी फौजा उत्तरेत आल्या आणि फौजांमागून कारकून, पुरोहित, वैद्य व त्यांची कुटुंबे आली. चैती गुलाबाचा प्रदेश त्यांच्या अमलाखाली होता. अजमेर १८१८ साली इंग्रजांकडे गेले, तोपर्यंत मधला थोडा काळ वगळता तेथे मराठ्यांचाच अंमल होता. पुष्करचे ब्रह्मदेवाचे देऊळ आज ज्या स्वरूपात आहे, ते शिंद्यांचे एक मंत्री गोकुळ पारख यांनी १८०९ साली बांधवले. त्या पुष्करच्या आसपासच्या शेतांत गुलाब आजही पिकतो आणि राजस्थानातच हळदीघाटीच्या परिसरात चैती गुलाबाचा अर्क, गुलकंद आणि सरबत करणारी घरे आहेत. लढाईने ओळखल्या जाणाऱ्या जागी माणसे गुलाबजल काढून पोट भरतात, हे पाहून मन प्रसन्न होते.

गाझीपूर ते दिल्ली

इंग्रजी अमलात गुलाबजलाची मोठी पेठ म्हणून गाझीपूरचे नाव झाले. १८०५ साली लॉर्ड कॉर्नवॉलिस मरण पावला तो या गावी. १८२४ साली बिशप हेबर येथून गेला. त्याने येथील गुलाबाच्या विस्तीर्ण शेतांचे आणि अर्काच्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. १८८८ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर गुलाबांच्या ओढीने काही महिने गाझीपूरला येऊन राहिले. बुलबुलांची उपवने मनात धरून ते आले आणि पाहतात तो व्यापाऱ्यांची शेते! फूल उमलले की खुडावयाचे आणि देगेत टाकावयाचे, हा तेथला व्यवहार. कवीचा हिरमोड झाला, पण ‘मानसी’तील कितीतरी कविता तेथेच लिहिल्या गेल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरबत घरातून आणि हकिमाच्या दुकानातून निघून बाटलीत बंद झाले. हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत ‘हमदर्द’ हा दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी ‘रूह अफजा’ तयार केले. गुलाब, केवडा आणि अनेक वनस्पतींचे अर्क असलेले हे पेय मूळचे उन्हाच्या त्रासावरचे औषधच होते. ते घरोघर पोचले याचे कारण त्याच्या गुणात आहे, यात शंका नाही. पण तयार बाटली आली की घरातली विद्या मागे पडते, हाही सृष्टिक्रमच आहे. चैत्रातल्या पहाटे फुले वेचण्याची मग आवश्यकता राहत नाही.

मराठीत पाककृती छापण्याचा प्रघात एव्हाना सुरू झाला होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे परगावी एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलींना ती आईसारखी झाली. या तीन पुस्तकांच्या क्रमातही एक इतिहास आहे. प्रथम पुरुषाने लिहिले, मग स्त्रीने लिहिले आणि शेवटी स्त्रीने स्त्रीच्या मापाने लिहिले.

घरची कृती आणि तिची कारणे

आता जे इतके मोठे वंशवृक्ष घेऊन आले आहे, ते सरबत घरी कसे करतात तेही सांगितले पाहिजे. आपल्या मंडळातील जुन्या घरांत चालत आलेली रीत अशी आहे.

औषध न फवारलेले सुवासिक देशी गुलाब पहाटे आणावेत. पाकळ्या सुट्या करून प्रत्येक पाकळीचे बुडखे, म्हणजे देठाजवळचा पांढरा भाग, काढून टाकावे, कारण त्यात कडवटपणा असतो. अशा पाव किलो पाकळ्या हलक्या हाताने धुवून चिनी मातीच्या अथवा पोलादी भांड्यात घालाव्यात आणि त्यांवर पाऊण लिटर उकळते पाणी ओतून लगेच झाकण ठेवावे. भांडे चुलीवर ठेवून पाकळ्या उकळू नयेत. जो वास घरभर सुटतो तो सरबतातून गेलेला असतो. रात्रभर ठेवून सकाळी स्वच्छ फडक्याने पिळून गाळावे. साधारण साडेसहाशे मिलिलिटर पाणी निघते. त्याचा रंग मातकट दिसतो. नवख्या सुनेचा धीर येथे सुटतो. पण दोन लिंबांचा रस घातला की तेच पाणी पाहता पाहता गुलाबी होते. पाकळीतील रंग आंबटपणाने खुलतो आणि सोड्यासारख्या क्षाराने निळसर-हिरवट होतो, हे त्याचे कारण.

मग त्यात सव्वा किलो साखर घालून मंद आचेवर ती विरघळेपर्यंतच ढवळावे. एक उकळी येताच वरची मळी काढून भांडे खाली उतरवावे. पूर्ण गार झाल्यावर आवडीप्रमाणे चांगले गुलाबजल घालावे आणि उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत भरावे. साखर कमी करण्याचा मोह धरू नये. पाकात साखरेचे प्रमाण शेकडा ६५ च्या आसपास असले म्हणजे बुरशीला व आंबण्याला वाव राहत नाही. साखर त्याहून फार वाढली तर तळाशी खडे धरतात. लिंबाच्या आम्लाने साखरेचा काही भाग बदलतो आणि खडे धरण्यास अडथळा होतो. म्हणजे लिंबाची एक फोड रंग, चव आणि टिकाऊपणा अशी तीन कामे करते. आपल्या आज्यांना आम्ल आणि क्षार यांचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. तरी लिंबू नेमके केव्हा पिळावयाचे, ते त्यांना माहीत होते.

पेल्यात दोन मोठे चमचे पाक आणि वर माठातले पाणी, हे झाले सरबत. थंड दुधात, फालुद्यात, रबडीवर आणि शेवयांच्या गार खिरीतही हा पाक उत्तम लागतो. गरम दुधात मात्र घालू नये, त्यात लिंबू आहे. याच रीतीने जास्वंदीच्या पाकळ्यांचेही सरबत होते आणि त्याचा रंग अधिक गडद येतो. पण प्रत्येक सुंदर फूल पोटात घालण्याजोगे नसते. कण्हेरीसारखी फुले विषारी असतात. तेव्हा ओळख पटल्याखेरीज प्रयोग करू नये. बाजारच्या सजावटीच्या गुलाबांवर कीटकनाशके मारलेली असतात, म्हणून तीही वर्ज्य समजावीत. कुंडीत एक देशी गुलाब लावला तर गुलकंदापुरत्या पाकळ्या घरच्या घरी मिळतात.

उपसंहार

या सबंध बखरीत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून आली. सोमेश्वराच्या ग्रंथात राजा दिसतो, माठ भरणारी दिसत नाही. मांडूच्या पोथीत स्त्रिया चित्रात आहेत, मजकुरात नाहीत. अस्मत बेगमेचे नाव राहिले ते जावई बादशहा होता म्हणून. लिहिणारे लिहीत गेले आणि करणाऱ्या करीत राहिल्या.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांकडे याच दृष्टीने पाहावे अशी विनंती आहे. या ग्रंथात अध्यक्षांची, कार्यवाहांची आणि देणगीदारांची नावे असतील. ती असावीत, कारण त्यांनी कष्ट घेतले आहेत. परंतु गणेशोत्सवात दीडशे माणसांचा स्वयंपाक कोणी केला, चैत्रगौरीला पहाटे उठून पाकळ्यांची बुडखी कोणी काढली, नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी सुनेला कनौजचे खरे गुलाबजल कोणत्या दुकानात मिळते हे कोणी दाखवले आणि शेजारच्या काकींकडून सरबत शिकून त्यांना पुरणपोळी कोणी शिकवली, हे कोणत्याही अहवालात नाही. मंडळ इमारतीने उभे राहिले तसे ते या कामानेही उभे राहिले आहे.

त्या पिढीतील काही आज आपल्यात नाहीत. ज्या आहेत त्यांच्यापैकी अनेकींचे प्रमाण ‘अंदाजाने’ आणि ‘डोळ्याने’ एवढेच आहे आणि तो अंदाज त्यांच्याबरोबर जाणार आहे. तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मंडळाच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक घराने आपली एक कृती तीत लिहावी. ती कोणाकडून शिकली, कोणत्या गावी शिकली आणि शेजारी कोण होते, हेही लिहावे. आजींना लिहिणे होत नसेल तर नातवंडांनी त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावे आणि ‘अंदाजाने’ म्हटले की वाटी पुढे करून मोजून घ्यावे. मंडळाचा शंभरावा वाढदिवस साजरा करणाऱ्यांना त्या वहीतून आपण कसे राहिलो, हे अहवालांपेक्षा अधिक खरे कळेल.

येत्या चैत्रात गुलाब फुलेलच. तोवर वही आणून ठेवावी.